चवथीपूर्वीचे रंगकाम : भिंतीवरील रंगाला सुरकुत्या का पडतात, त्या कशा टाळाव्यात आणि कशा दुरुस्त कराव्यात

चवथ जवळ आली की गोव्यातील घराघरांत साफसफाई आणि रंगरंगोटीला वेग येतो. देवाची खोली, पडवी, स्वयंपाकघर असे करत सारे घर उजळून निघते. मात्र ही सारी धांदल वर्षातील सर्वांत दमट दिवसांत चालते. त्यामुळे नव्या रंगाची चकाकी काही घरांत चार-आठ दिवसही टिकत नाही. खिडकीखाली, कोपऱ्यात किंवा स्वयंपाकघरातील ऑइलपेंटच्या पट्ट्यावर बारीक वळ्या दिसू लागतात. बोट लावले तर वरचा पापुद्रा सरकतो आणि आतला रंग ओलाच असल्याचे लक्षात येते. रंग भेसळीचा निघाला, असा दोष दुकानदाराला दिला जातो. रंगारी भिंतीच्या ओलीकडे बोट दाखवतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष डब्यातही नसतो आणि भिंतीतही नसतो. रंगाला सुकण्यासाठी लागणारा वेळ त्याला मिळालेला नसतो, हे खरे कारण असते.

हे कारण समजले तर खर्च वाचतो, कारण सुरकुतलेल्या रंगावर आणखी एक हात मारून दोष झाकला जात नाही. तो अधिक उठून दिसतो. जुन्या घरात त्याहून गंभीर प्रश्न उभा राहतो. सुरकुत्या काढण्यासाठी भिंत घासताना उडणाऱ्या धुळीत शिसे असू शकते आणि त्याचा सर्वाधिक धोका घरातील लहान मुलांना असतो. म्हणूनच या दोषाची कारणे, प्रतिबंध आणि दुरुस्ती यांची ही एकत्रित माहिती.

सुरकुती म्हणजे नेमके काय

तापवलेले दूध निवत असताना त्यावर साय धरते. भांडे किंचित कलते केले की खालचे दूध हलते आणि वरच्या सायीला वळ्या पडतात. रंगाच्या थरात घडते ते याच्या जवळचे असते. वरचा भाग आधी धरतो, खालचा ओला राहतो आणि आधाराविना उरलेल्या वरच्या पापुद्र्याला घड्या पडतात.

ऑइलपेंट केवळ हवेने वाळत नाही. त्यातील टर्पेंटाइन प्रथम उडून जाते आणि त्यानंतर रंगातील तेल किंवा तेलयुक्त राळ हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होऊ लागते. हा प्राणवायू अर्थातच वरून आत जातो. थर पातळ असेल तर तो तळापर्यंत पोहोचतो आणि सारा थर जवळजवळ एकाच गतीने घट्ट होतो. थर जाड असेल तर पृष्ठभाग आधी धरतो. प्राणवायू शोषताना हा पृष्ठभाग किंचित प्रसरण पावतो. आडवे पसरायला जागा नसते आणि खालचा ओला रंग त्याला धरून ठेवू शकत नाही, त्यामुळे तो उचलला जाऊन दुमडतो.

इमल्शन किंवा प्लास्टिक पेंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाण्याच्या रंगाची रीत वेगळी आहे. त्यातील पाणी उडाले की राळेचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो. या रंगाला सुरकुत्या पडण्याचे प्रमाण कमी असते. तरीही भिंत आणि छत मिळतात तो कोपरा, स्विचबोर्डची कड, चौकटीलगतची जागा अशा ठिकाणी रंग साचला तर तेथे वळ्या किंवा बारीक भेगा पडतात.

सुरकुत्या हा काही ठिकाणी दोष नसून हेतू असतो, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. जुने टंकलेखन यंत्र, कॅमेरा किंवा प्रयोगशाळेतील उपकरण यांच्या पत्र्यावर खडबडीत, बारीक वळ्यांचा काळा किंवा राखी रंग दिसतो. तो मुद्दाम तसा केलेला असतो. त्यासाठी टंग तेलासारखे लवकर धरणारे तेल घेतात, पृष्ठभाग लवकर सुकवणारे कोबाल्टयुक्त ड्रायर वाढवतात, रंगाचा थर जाड देतात आणि तो उष्णतेने तापवतात. जाड थर, जादा ड्रायर आणि उष्णता ही कारखान्यातील कृती घरात नकळत घडली, तर घराच्या भिंतीवरही तोच परिणाम दिसतो.

आधी दोष ओळखावा

भिंतीवरील प्रत्येक बिघाड म्हणजे सुरकुती नव्हे. दुरुस्तीची रीत दोषानुसार बदलते. म्हणून खरवडायला घेण्यापूर्वी भिंत नीट पाहावी.

सुरकुत्या : रंग भिंतीला धरून असतो, पण त्यावर सायीसारख्या वळ्या असतात. नखाने दाबले तर बहुधा आतील भाग मऊ लागतो. रंग दिल्यानंतर काही तासांत किंवा थोड्याच दिवसांत हा दोष दिसतो.

फुगे : रंगाचा पापुद्रा भिंतीपासून सुटून फुगतो. फुगा फोडून पाहावा. आत उघडा गिलावा ओलसर दिसला तर ओल भिंतीतून येत आहे. आत जुन्या रंगाचा कोरडा थर दिसला तर उष्णता किंवा वरच्या थराची कच्ची पकड हे कारण असू शकते.

पोपडे : कोरडे तुकडे सुटून पडतात. पृष्ठभाग धुळकट किंवा तेलकट असताना, अथवा चुन्याच्या भुसभुशीत थरावर रंग दिल्याने असे होते.

लोणा : पांढरी, खारट भुकटी भिंतीवर फुटते. पाण्यात विरघळलेले क्षार भिंतीबाहेर येऊन पाणी उडाल्यावर मागे राहतात, त्याचे हे रूप आहे.

ओघळ : रंग खाली घसरून थेंबांच्या रेषा उमटतात. ओघळ आणि सुरकुत्या पुष्कळदा एकाच ठिकाणी दिसतात, कारण दोहोंचे मूळ जाड हातात असते.

गोव्यातील जुनी घरे चिऱ्यांची आहेत. चिरा सच्छिद्र असल्याने पावसाचे आणि जमिनीचे पाणी धरून ठेवतो. अशा भिंतीच्या पायाशी दिसणारे फुगे आणि लोणा यांचे मूळ ओलीत असते. तेथे रंग बदलून काही साधत नाही. कौलांची गळती, पन्हळ, भिंतीबाहेरची मातीची पातळी आणि पाण्याचा निचरा यांकडे प्रथम पाहावे लागते. सुरकुत्यांचे तसे नाही. त्या रंग देण्याच्या रीतीतून निर्माण होतात आणि रीत सुधारली की टळतात.

सुरकुत्यांची कारणे

जाड हात : हे सर्वांत मोठे कारण. दोन हातांचे काम एकाच हातात उरकण्यासाठी रंग घट्ट ठेवून लावला जातो. यातील हिशेब सोपा आहे. एक लिटर रंग दहा चौरस मीटर जागेवर सारखा पसरला तर ओल्या थराची जाडी ०.१ मिलिमीटर होते. तोच लिटर पाच चौरस मीटरांत संपला तर ती दुप्पट, म्हणजे ०.२ मिलिमीटर होते. दहा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे ९.३ चौरस मीटर भरते. डब्यावर एका लिटरमागे किती जागा रंगते हे लिहिलेले असते. गुळगुळीत भिंतीवर प्रत्यक्ष खप त्याहून बराच अधिक होत असेल, तर हात जाड पडतो आहे असे समजावे.

घाईचा दुसरा हात : बोटाला रंग लागत नाही, म्हणजे रंग सुकला, असे मानले जाते. स्पर्शाला सुकणे, दुसऱ्या हातायोग्य होणे आणि पूर्ण पक्का होणे या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत. ऑइलपेंट काही तासांत स्पर्शाला सुकतो, पण आतून घट्ट होण्यास त्याला कितीतरी अधिक वेळ लागतो. अर्धवट सुकलेल्या थरावर पुढचा हात दिला की त्यातील द्रावक खालचा थर पुन्हा मऊ करतो आणि तो उचलला जातो. पाणी सुटण्याआधी दिलेल्या प्रायमरवर किंवा पुट्टीवरही हेच घडते.

दमट हवा : हवेत बाष्प अधिक असले की रंग आतून सुकण्याची गती मंदावते. रात्री भिंत गार होते आणि तिच्यावर नकळत दव धरते. संध्याकाळी दिलेला ओला रंग या दवात सापडला तर सकाळी चकाकी गेलेली असते आणि कधी वळ्याही पडलेल्या असतात.

उष्णता आणि थेट वारा : हवा दमट म्हणून रंग लवकर सुकवण्यासाठी हॅलोजनचा दिवा, हीटर किंवा जोराचा पंखा भिंतीकडे वळवला जातो. याने वरची साय झटपट धरते, आतला रंग ओलाच राहतो. तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी आतून रंग दिला तरी असेच होते. चुलीमागची भिंत आणि ज्या खिडकीतून कडक ऊन येते तिच्याजवळची जागा यांना हा धोका अधिक असतो.

जादा ड्रायर : पावसाळ्यात रंग लवकर सुकावा म्हणून त्यात वरून ड्रायर मिसळला जातो. रंगात आवश्यक तेवढा ड्रायर उत्पादकाने आधीच घातलेला असतो. वरून घातलेला ड्रायर मुख्यतः पृष्ठभाग सुकवतो आणि आतला भाग मागे पडतो.

अस्वच्छ किंवा न जुळणारा पृष्ठभाग : स्वयंपाकघरातील तेलाचा थर, मेणबत्तीचे मेण, उदबत्तीची काजळी किंवा साबणाचा अंश यांवर रंग सारखा बसत नाही. जुन्या चकचकीत ऑइलपेंटवर न घासता नवा रंग दिला तर पकड कच्ची राहते. जुन्या रंगावर त्याला न मानवणारे तीव्र थिनर वापरलेला रंग दिला तर खालचा थर फुगून वळ्या उठतात.

नवा गिलावा : ताज्या सिमेंटच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यात पाणीही असते आणि अल्कलीही. अल्कलीचा तेलाशी संयोग झाला की साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि ऑइलपेंट मऊच राहतो. नव्या गिलाव्याला निदान चार आठवडे आणि पावसाळ्यात त्याहून अधिक अवधी द्यावा. त्यानंतर अल्कली सोसणारा प्रायमर देऊनच रंगकाम करावे.

गोव्याची हवा आणि रंगकामाचे वेळापत्रक

मोसमी पाऊस गोव्यात साधारणतः जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो आणि जुलैमध्ये त्याचा जोर सर्वाधिक असतो. चवथ ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरमध्ये येते. म्हणजे सणापूर्वीचे रंगकाम नेमके अशा दिवसांत केले जाते, जेव्हा चिऱ्यांची भिंत पाणी पिऊन असते आणि हवेतील आर्द्रता सकाळ-संध्याकाळ ८५ टक्क्यांच्या वर असते. रंगकामासाठी सामान्यतः हीच आर्द्रतेची वरची मर्यादा मानली जाते.

यावर उपाय म्हणजे कामाची विभागणी. ऑइलपेंटचे काम, दारे-खिडक्या, स्वयंपाकघरातील कमरेएवढ्या उंचीचा पट्टा आणि लोखंडी गज ही कामे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत उरकावीत. ते जमले नाही तर मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत ती पूर्ण करावीत. चवथीसाठी राखायचे ते आतील भिंतींवरील पाण्याच्या रंगाचे हलके काम, तेही पावसाची उघडीप पाहून.

जुन्या पिढीची चुन्याची सफेदी या हवेला जुळणारी होती. चुना हवेतील कर्बवायू घेऊन घट्ट होतो आणि भिंतीतील बाष्प बाहेर जाऊ देतो. एकच घट्ट हात न देता तीन-चार पातळ हात देण्याची पद्धत त्यामागे होती. रंग कोणताही असो, पातळ थर आणि दोन थरांत पुरेसा अवधी हा नियम आजही तसाच लागू आहे.

प्रतिबंध : रंग देण्यापूर्वी आणि देताना

१. भिंत कोरडी आहे का, ते तपासावे. फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि २४ तास ठेवावा. प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूस थेंब दिसले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडील बाजूस थेंब धरले तर हवा अति दमट आहे. दोन्ही स्थितींत ऑइलपेंटचे काम पुढे ढकलावे.

२. हवा अनुकूल आहे का, हेही पाहावे. ओल्या फडक्याने भिंतीचा तळहाताएवढा भाग पुसावा. पातळ ओल सुमारे पंधरा मिनिटांत उडाली तर काम सुरू करण्यास हरकत नाही. अर्ध्या तासानेही डाग तसाच असेल तर त्या दिवशी रंग देऊ नये. ही ढोबळ कसोटी आहे. घरात आर्द्रतामापक असल्यास त्याचा आकडा अधिक विश्वासार्ह.

३. पृष्ठभाग स्वच्छ करावा. तेलकट भिंत साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पुन्हा साध्या पाण्याने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. बुरशीचे काळे ठिपके आधी काढावेत. त्यांवर रंग दिला तर ते पुन्हा वर येतात.

४. जुना चकचकीत थर पॉलिश पेपरने निस्तेज करावा. मात्र जुन्या घरात हे काम कोरडे करू नये. त्याचे कारण शिशाविषयीच्या भागात पुढे दिले आहे.

५. प्रायमर वगळू नये. पुट्टी आणि प्रायमर पूर्ण सुकल्याशिवाय रंगाला हात घालू नये.

६. रंग तळापासून ढवळून एकजीव करावा. डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच टर्पेंटाइन किंवा पाणी मिसळावे. डब्यात धरलेली साय काढून टाकावी. ती ढवळून मिसळू नये.

७. हात पातळ ठेवावा. ब्रश रंगात एक तृतीयांश बुडवून कडेला निथळावा. रंग प्रथम आडवा पसरून नंतर वरून खाली हलक्या हाताने सारखा करावा. कोपरे आणि स्विचबोर्डच्या कडा येथे साचलेला रंग कोरड्या ब्रशने ओढून घ्यावा.

८. दोन हातांमधील अवधी डब्यावरून ठरवावा. तेथे दिलेला वेळ कोरड्या आणि उबदार हवेचा असतो. पावसाळ्यात तो निदान दुप्पट धरावा. अंगठा दाबून किंचित फिरवला असता ठसा उमटत असेल तर पुढचा हात देऊ नये.

९. खोलीत वारा खेळता ठेवावा, पण पंख्याचा झोत थेट भिंतीवर नसावा. समोरासमोरची दारे-खिडक्या दिवसा उघडी ठेवावीत आणि पावसाची सर आली की बंद करावीत. काम सकाळी उशिरा सुरू करून दुपारी संपवावे, म्हणजे रात्रीचा दमटपणा येण्याआधी रंगाला काही तास मिळतात.

जुन्या रंगातील शिसे : घासण्यापूर्वी वाचावे

पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिशाची संयुगे दोन कारणांसाठी वापरली जात. एक म्हणजे पिवळा, तांबडा, हिरवा असे भडक रंग मिळवण्यासाठी आणि दुसरे म्हणजे ड्रायर म्हणून. केंद्र सरकारने २०१६ मध्ये घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाविषयी नियम केले. त्यानुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असलेल्या अशा रंगांच्या उत्पादनावर बंदी आहे. त्यापूर्वी रंगवलेल्या दारांत, गजांत आणि भिंतींच्या आतल्या थरांत मात्र शिसे असण्याची शक्यता कायम आहे.

सुस्थितीतील जुना थर नव्या रंगाखाली दबलेला असतो तोवर धोका कमी असतो. कोरडा घासला की त्याची बारीक धूळ होते. ती जमिनीवर, अंथरुणावर आणि खेळण्यांवर बसते आणि मुलांच्या हातांवाटे पोटात जाते. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही.

म्हणून जुन्या घरात भिंत पाण्याने ओली ठेवून वॉटर पेपरनेच घासावी. विजेच्या घासणीयंत्राचा कोरडा वापर करू नये. जुना रंग ब्लो लॅम्पच्या ज्योतीने किंवा हीट गनने जाळून काढू नये. त्यातून विषारी वाफा निघतात. काम करणाऱ्याने साध्या कापडी रुमालाऐवजी एन-९५ किंवा त्याहून सरस मुखपट्टी वापरावी. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांनी काम पूर्ण होऊन खोली पुसून होईपर्यंत तेथे जाऊ नये. सामान बाहेर काढावे, जमिनीवर प्लास्टिक अंथरावे. खरवडलेला रंग झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपावा आणि पिशवीत बंद करावा. तो अंगणात, विहिरीजवळ किंवा परसातील आळ्यात टाकू नये. रंगाऱ्याने जेवणापूर्वी हात-तोंड धुवावे आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

सुरकुत्यांची दुरुस्ती

पहिली पायरी, थांबणे : रंग आत ओला असताना घासला तर पेपर लगेच भरून जातो आणि रंगाच्या गुठळ्या होतात. थोड्या भागातच सुरकुत्या असतील आणि रंग अगदी मऊ असेल, तर तो पोलादी पट्टीने त्याच वेळी काढून टाकता येतो. अन्यथा खोली हवेशीर ठेवून आठवडाभर किंवा गरजेप्रमाणे अधिक थांबावे.

दुसरी पायरी, पकड तपासणे : दोषाच्या शेजारी जो भाग चांगला दिसतो तेथे ब्लेडने जाळीसारख्या चार उभ्या, चार आडव्या रेघा माराव्यात. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढावी. रंगाचे चौकोन पट्टीबरोबर निघून आले तर दोष सुरकुतीपुरता नाही. तो संपूर्ण थर काढावा लागेल. चौकोन जागेवर राहिले तर फक्त सुरकुतलेला भाग दुरुस्त केला तरी चालते.

तिसरी पायरी, खरवडणे : पट्टी भिंतीला कमी कोनात धरून वळ्या काढाव्यात. गिलाव्यात खड्डे पडू देऊ नयेत. रंग काढण्याची रसायने बंद खोलीत वापरणे टाळावे. त्यांतील काही द्रावकांची वाफ जीवघेणी ठरू शकते.

चौथी पायरी, उघडी जागा सुकू देणे : खरवडल्यावर आतला मऊ थर हवेत येतो. त्याला एक-दोन दिवस, पावसाळ्यात त्याहून अधिक, सुकू द्यावे. ही पायरी गाळली की नव्या रंगाला पुन्हा वळ्या पडतात.

पाचवी पायरी, घासून सपाट करणे : प्रथम १०० ते १२० क्रमांकाचा आणि नंतर १८० ते २२० क्रमांकाचा पेपर वापरावा. जुन्या रंगाची कड बोटाला लागणार नाही इतकी उतरती करावी. कड तशीच ठेवली तर नव्या रंगाखाली तिची रेघ दिसते. घासून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून भिंत पूर्ण वाळू द्यावी.

सहावी पायरी, पुट्टी आणि प्रायमर : खोलगट जागी पुट्टीचा पातळ थर द्यावा. खोली जास्त असेल तर दोन थरांत भरावी. ती सुकल्यावर हलके घासून, उघड्या गिलाव्यावर आणि पुट्टीवर प्रायमरचा एक हात द्यावा.

सातवी पायरी, रंग : दोन पातळ हात, त्यांमध्ये पूर्ण अवधी. चकचकीत रंगात ठिगळ उठून दिसते. म्हणून ठिगळापुरता रंग न देता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची संपूर्ण भिंत अखेरच्या हाताने एकसारखी करावी.

काम संपल्यावर तेलकट रंगाचे बोळे आणि फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाच्या तेलासारखे सुकणारे तेल प्राणवायू घेताना उष्णता निर्माण करते. चुरगळलेल्या फडक्यांत ती साठून आपोआप आग लागू शकते. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून ठेवावीत.

सण तोंडावर असताना

चवथ आठवड्यावर आली आणि भिंतीला सुरकुत्या पडल्याचे दिसले, तर घाईने खरवडून नवा ऑइलपेंट देणे हा सर्वांत महागडा मार्ग ठरतो. तेवढ्या दिवसांत तो पक्का होत नाही आणि खोलीत माणसांची वर्दळ असताना त्याचा वासही सोसावा लागतो. त्याऐवजी रंग निदान वरून सुकला असेल तर ती भिंत तशीच ठेवावी. तिच्यापुढे मखराची किंवा पडद्याची पार्श्वभूमी भिंतीपासून वीतभर सोडून उभी करावी, म्हणजे मागे हवा खेळती राहील. ओल्या रंगाला कागद, फोम किंवा चिकटपट्टी लावली तर ती रंगासह निघते. मखरावरील प्रखर दिव्यांचा झोत नव्या भिंतीवर पडू देऊ नये. कमी तापणारे एलईडी दिवे वापरावेत. माटोळीसाठी भिंतीत नव्या खुंट्या मारायच्या असतील तर त्या रंगकामाआधी माराव्यात. मुख्य दुरुस्ती पावसाळा सरल्यानंतर हाती घ्यावी.

रंगाऱ्याशी बोलणी

सुरकुत्या पडतात त्यामागे पुष्कळदा ठरावाचे स्वरूप असते. काम चौरस फुटाच्या ठोक दराने दिलेले असते आणि तारीख सणाची असते. एक दिवस थांबले तर रंगाऱ्याची रोजी बुडते. घरमालकही रोज काम किती पुढे गेले हेच विचारतो. अशा स्थितीत जाड हात देऊन मोकळे होण्याकडे कल झुकतो. म्हणून दर ठरवतानाच प्रायमर किती हात, रंग किती हात, दोन हातांत किती तासांचा अवधी आणि पाऊस आल्यास काम किती दिवस पुढे जाईल, हे कागदावर लिहून घ्यावे. थांबण्याच्या दिवसांत दुसऱ्या खोलीचे घासकाम किंवा पुट्टीचे काम देता आले तर रंगाऱ्याचा दिवस वाया जात नाही आणि भिंतीलाही तिचा वेळ मिळतो. एकाच वेळी सर्व खोल्या उघडण्यापेक्षा दोन-दोन खोल्या आळीपाळीने घेणे यासाठी सोयीचे पडते.

काम पूर्ण झाल्यावर रंगाचा प्रकार, छटेचा क्रमांक, डब्यावरील बॅच क्रमांक आणि रंग दिल्याची तारीख एका कागदावर लिहून तो वीजमीटरच्या पेटीजवळ किंवा कपाटाच्या दारामागे चिकटवून ठेवावा. उरलेला रंग लहान डब्यात गच्च भरून ठेवावा. डब्यात हवा कमी राहिली की त्यावर साय धरत नाही. दोन-चार वर्षांनी पुन्हा रंगकाम निघेल तेव्हा आत कोणता थर आहे हे या नोंदीवरून कळेल आणि त्यावर काय मानवेल याचा अंदाज बांधावा लागणार नाही.